मुख्य विषय निवडायला ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर: कुठे उपयोगी, कुठे अपुरी

पदवीचा मुख्य विषय ठरवायची वेळ आली की कल चाचणीची आठवण होते. फुकट मिळणाऱ्या कल चाचण्यांत ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर आमच्या मते सर्वांत भरवशाची. ओनेट हा अमेरिकेच्या श्रम विभागाचा व्यवसायांचा माहितीसाठा; त्याच विभागाने ही चाचणी तयार करून घेतली आहे आणि 'माय नेक्स्ट मूव्ह' या संकेतस्थळावर ती कुणालाही देता येते. नोंदणी करावी लागत नाही, आणि निकालानंतर महागडा अहवाल घ्या म्हणून कुणी मागे लागत नाही. मोठी अडचण एकच आहे. ही चाचणी व्यवसाय शोधणाऱ्यांसाठी बांधलेली आहे आणि विद्यार्थी ती विषय शोधायला वापरतात. काही विषयांच्या बाबतीत या फरकाने फारसं बिघडत नाही. गणित, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, अर्थशास्त्र यांकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याला मात्र तिचा निकाल सरळसरळ चुकीच्या दिशेला नेऊ शकतो. असं का होतं आणि ते घरच्या घरी कसं दुरुस्त करायचं, हे पुढे सविस्तर देत आहोत.

आधी चाचणीची रचना. मूळ आवृत्ती १८० विधानांची होती. आता सर्रास वापरात आहे ती ६० विधानांची, आणि तिच्याहून छोटी ३० विधानांचीही आहे. विषय निवडायचा असेल तर ६० ची घ्या. ३० च्या आवृत्तीत आवडीच्या सहा प्रकारांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला पाचच विधानं उरतात, त्यामुळे एखाद-दुसरं उत्तर घाईत गेलं तरी क्रम बदलतो. प्रत्येक विधान म्हणजे एक काम असतं: स्वयंपाकघरातली कपाटं बनवणे, नवीन औषध विकसित करणे, पुस्तकं किंवा नाटकं लिहिणे, कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब करणे. 'अजिबात आवडणार नाही' पासून 'खूप आवडेल' पर्यंत पाच पर्यायांतला एक निवडायचा. सलग बसलं तर पंधरा मिनिटांच्या आत काम होतं.

चाचणीमागचा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचा. त्यांनी तो १९५९ मध्ये मांडला आणि कामाच्या आवडीनिवडीवर आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा आराखडा तोच आहे. त्यात सहा प्रकार आहेत. हाताने, यंत्रांनी, उघड्यावर करायची कामं म्हणजे कृतिशील. कारणं शोधायची कामं म्हणजे शोधक. मग कलात्मक. माणसांना शिकवणं, सावरणं म्हणजे सामाजिक. पटवणं, विकणं, चालवणं म्हणजे उद्यमी. नोंदी, आकडे, ठरलेली पद्धत म्हणजे पद्धतशीर. हे सहा याच क्रमाने षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडले जातात. शेजारचे दोन प्रकार एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे सर्वांत लांबचे. म्हणजे कृतिशीलच्या समोर सामाजिक, शोधकच्या समोर उद्यमी, कलात्मकच्या समोर पद्धतशीर. पुढे निकाल वाचताना या जोड्या लागतील.

प्रत्येक प्रकाराची १० विधानं आहेत आणि प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. त्यामुळे प्रत्येक प्रकारात ० ते ४० यांमधला आकडा मिळतो.

उत्तरं देताना सर्वांत जास्त घोळ होतो तो मधल्या पर्यायाने, म्हणजे 'सांगता येत नाही' ने. त्याचे २ गुण धरले जातात. साठही ठिकाणी तोच दाबला तर सहाही प्रकारांत बरोबर २० येतात. आकडे दिसायला भरीव, माहिती शून्य. म्हणून निकालाकडे बघण्याआधी मधला पर्याय किती वेळा दाबला ते मोजा. पंधराच्या वर गेला असेल तर तो निकाल बाजूला ठेवा, त्या विधानांमधली कामं प्रत्यक्षात काय असतात ते वाचा किंवा बघा, आणि चाचणी पुन्हा द्या. पंधरा हा आमचा अंदाजाचा आकडा आहे, चाचणी बनवणाऱ्यांचा नाही. पण साठातली पाव उत्तरं कोरी असतील तर उरलेल्यांवर मुख्य विषय ठरवणं धोक्याचं आहे.

दुसरी चूक सूचना न वाचल्याने होते. या कामासाठी आपलं शिक्षण पुरेसं आहे का, त्यात पैसे किती मिळतील, याचा विचार करू नका असं चाचणी स्वतःच सांगते. तरीही 'नवीन औषध विकसित करणे' समोर आलं की "मला रसायनशास्त्र कुठे जमतं" म्हणून 'आवडणार नाही' दाबलं जातं. जमणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही चाचणी फक्त दुसरी मोजते. उलट दिशेनेही हेच होतं: ज्या कामाला समाजात मान आहे त्याला नकळत 'खूप आवडेल' दिलं जातं. कुणी शेजारी बसून पडद्याकडे बघत असेल तर हमखास. ही चाचणी एकट्यानेच द्यावी.

कृतिशील विधानांबाबत आणखी एक काळजी घ्या. विटा किंवा फरशी बसवणे, कुलपं दुरुस्त करून बसवणे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जोडणे, अशी ती आहेत. ज्याच्या हातात कधी पाना-पक्कड दिलीच गेली नाही, तो या दहाही ठिकाणी 'नाही' म्हणून मोकळा होतो. ती नावड असेल किंवा नुसती अनोळखही असेल. एक दिवस काहीतरी उघडून, दुरुस्त करून बघितल्याशिवाय हा आकडा पक्का धरू नये. भूगर्भशास्त्र, अभियांत्रिकी, शेतीशास्त्र, पुरातत्त्व, इतकंच नव्हे तर प्रायोगिक भौतिकशास्त्र हे सगळे विषय यावर अवलंबून आहेत. उपकरण बिघडलं की ते स्वतः उघडायची तयारी प्रयोगशाळेत रोज लागते.

भाषेची अडचण खरी आहे. चाचणी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत नाही. एखादं विधान नीट कळलं नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका, अर्थ बघून घ्या. काही विधानं अमेरिकी जीवनातली आहेत. जॅझ किंवा टॅप नृत्य सादर करण्याचं विधान आलं तर ते रंगमंचावर नृत्य सादर करण्याबद्दल आहे असं समजून उत्तर द्यावं. त्याने हेतू बिघडत नाही.

आता निकालाचं वाचन. समजा आकडे असे आले: शोधक ३३, कलात्मक ३०, सामाजिक २९, कृतिशील १४, पद्धतशीर १२, उद्यमी ९. यात पहिल्या तिघांचा आपसातला क्रम विसरून जा. तीन-चार गुणांचा फरक म्हणजे तीन-चार उत्तरं एका घराने सरकली, एवढाच. खरी माहिती तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यांमधल्या दरीत आहे: २९ आणि १४. दरी जेवढी खोल तेवढा निकाल स्पष्ट. सहाही आकडे २६ ते ३१ मध्ये असतील तर विद्यार्थ्याला बरंच काही आवडतं. त्याने पहिल्या वर्षी जास्तीत जास्त वेगवेगळे विषय घ्यायची सोय असलेला अभ्यासक्रम शोधावा. सहाही आकडे १२ च्या खाली असतील तर घाईने विषय ठरवू नये. थकवा, परीक्षेचा ताण, किंवा ही साठही कामं आपल्या जगातली वाटत नाहीत, यांपैकी काहीतरी असतं.

समोरासमोरचे दोन प्रकार एकाच वेळी वर आले, उदाहरणार्थ कलात्मक ३१ आणि पद्धतशीर २९, तर अनेक जण निकाल चुकला असं समजतात. तसं नसतं. अशी माणसं असतात, आणि त्यांच्यासाठी मुख्य व दुय्यम विषयाची जोडी एकाच विषयापेक्षा बरी पडते. ग्रंथालयशास्त्र, संगीताचं ध्वनिमुद्रण, नकाशाशास्त्र, संग्रहालयशास्त्र ही क्षेत्रं या दोन टोकांच्या मधेच उभी आहेत.

इथवर चाचणी उत्तम चालते. आता तिच्यातली पोकळी बघा, कारण विषय निवडताना सगळं घोडं इथेच अडतं.

शोधक प्रकाराची दहा विधानं काढून समोर ठेवा: नवीन औषध विकसित करणे, पाण्याचं प्रदूषण कमी करायचे मार्ग अभ्यासणे, रासायनिक प्रयोग करणे, ग्रहांची गती अभ्यासणे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासणे, आगीचं कारण शोधणे, हवामानाचा अंदाज अधिक चांगला वर्तवण्याची पद्धत विकसित करणे, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणे, साखरेला पर्याय शोधणे, रोगनिदानासाठी प्रयोगशाळेत चाचण्या करणे. दहाच्या दहा निसर्गविज्ञानाची, त्यांतली बहुतेक प्रयोगशाळेतली. गणिताचं एक नाही. इतिहासाचं नाही, समाजशास्त्राचं नाही, भाषेचं नाही. संगणकाशी संबंध येतो तो पद्धतशीर प्रकारात, आणि तिथेही स्प्रेडशीट तयार करणे, मोठ्या नेटवर्कवर सॉफ्टवेअर चढवणे व हातातल्या छोट्या संगणकावर मालाची मोजदाद करणे एवढाच. कायदा उद्यमी प्रकारात, खटल्यात अशिलाची बाजू मांडण्याच्या रूपाने. साहित्याचा अभ्यास कुठेच नाही. लिहिणं आहे, वाचून त्याचं विश्लेषण करणं नाही.

परिणाम काय होतो ते उघड आहे. ज्या विद्यार्थिनीला सिद्धता सोडवताना तहानभूक विसरायला होतं पण रक्ताचे नमुने बघवत नाहीत, तिला शोधकमध्ये १२-१५ गुण पडतील. आणि गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की ओनेटच्याच माहितीसाठ्यात संख्याशास्त्रज्ञाच्या व्यवसायाला शोधक आणि पद्धतशीर हेच प्रकार लावलेले आहेत. म्हणजे माहितीसाठा बरोबर आहे, त्यापर्यंत पोहोचवणारी विधानं अपुरी आहेत. तिला व्यवसायांची जी यादी मिळेल तिच्यात गणिताचा मागमूस नसेल, आणि "आपला कल गणिताकडे नाही" असं ती समजून बसेल. या एका कारणासाठी ही चाचणी कुणाच्या हातात नुसती ठेवून देऊ नये.

ही पोकळी भरायला पुरवणी विधानं स्वतः लिहावी लागतात, आणि ती लिहायची एक पद्धत आहे. प्रत्येक विषयाला एक चमकदार अर्ध असतं आणि एक रटाळ अर्ध. विषयाकडे विद्यार्थी ओढला जातो पहिल्यामुळे, आणि सोडून जातो दुसऱ्यामुळे. म्हणून मनात असलेल्या प्रत्येक विषयाची दोन विधानं लिहा, दोन्हींची एक-एक. इतिहास: एखाद्या राजवटीच्या पडझडीची कारणं मांडणे, आणि एकाच माणसाच्या शंभर पत्रांमधल्या तारखा, नावं, ठिकाणं ताडून नोंदी करणे. मानसशास्त्र: माणसं अशी का वागतात यावर विचार करणे, आणि दोनशे प्रश्नावल्यांची उत्तरं भरून त्यांवर सांख्यिकी चाचण्या चालवणे. अर्थशास्त्र: सरकारी धोरणाचे परिणाम तपासणे, आणि आकडेवारीतल्या चुका काढून समीकरण पुन्हापुन्हा बसवणे. संगणकशास्त्र: लोकांच्या उपयोगाचा प्रोग्राम घडवणे, आणि चालत नसलेल्या पन्नास ओळींमध्ये तीन तास एक चूक शोधणे. भाषाशास्त्र: भाषा एकमेकींना कशा बदलतात ते बघणे, आणि ध्वनिमुद्रण ऐकून प्रत्येक उच्चार ध्वनिलेखनाच्या चिन्हांत उतरवणे. जीवशास्त्र: पेशी कशी चालते ते समजून घेणे; आणि तोच प्रयोग सहा वेळा करून वही अचूक ठेवणे. तत्त्वज्ञान: न्याय म्हणजे काय यावर वाद घालणे, आणि दोन पानांचा युक्तिवाद चिन्हांकित तर्कात मांडून त्यातली फट दाखवणे. गणित: एका सुंदर सिद्धतेचा अर्थ लागणे, आणि दोन दिवस अडकून राहिल्यावर तोच प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर सुरू करणे.

गुण तेच, ० ते ४. पण बेरीज करू नका, दोन आकडे वेगवेगळे बघा. चमकदार ४ आणि रटाळ ० किंवा १ असेल तर तो विषय मुख्य म्हणून घेऊ नये. आवड म्हणून, दुय्यम विषय म्हणून तो उत्तम आहे. चमकदार ३ आणि रटाळ ३ असेल तर तो विषय ४ आणि १ वाल्यापेक्षा कितीतरी पक्का. काहींना रटाळ अर्धच जास्त आवडतं, आणि अशी मुलं त्या विषयात फार पुढे जातात. रटाळ अर्ध कोणतं हे माहीत नसेल तर वरच्या वर्गात तो विषय शिकणाऱ्याला विचारा: "गेल्या आठवड्यात सर्वांत जास्त तास कशात गेले?" विषय आवडतो का, असं विचारलं तर ठरावीक उत्तर मिळतं. तास विचारले तर खरं उत्तर मिळतं.

चाचणीनंतर व्यवसायांची यादी येते, ती 'तयारी किती लागते' या पाच पायऱ्यांनुसार लावलेली असते. पदवी लागणारे बहुतेक व्यवसाय चौथ्या पायरीवर, पदव्युत्तर शिक्षण लागणारे पाचव्यावर. विद्यार्थी इथे दोन चुका करतात. एक म्हणजे यादीतली पदनामं वाचून निर्णय घेणं. दुसरी म्हणजे यादीवरच थांबणं. चाचणी मुख्य विषयाचं नाव सांगत नाही. ते काढायला 'ओनेट ऑनलाइन' या जोडसंकेतस्थळावर जावं लागतं. तिथे व्यवसायाच्या पानावर 'ज्ञान' असा विभाग असतो. ३३ ज्ञानक्षेत्रांपैकी त्या कामाला कोणती किती महत्त्वाची, हे १०० पैकी गुण देऊन दाखवलेलं असतं. आवडलेल्या दहा व्यवसायांची पहिली चार-चार ज्ञानक्षेत्रं एका कागदावर उतरवा. कोणतं क्षेत्र किती वेळा आलं ते मोजा. दहा वेगवेगळ्या पदनामांमागे दोन-तीनच विषय उभे आहेत, असं बऱ्याचदा दिसतं.

त्याच संकेतस्थळावर व्यवसाय आणि अभ्यासक्रम यांची सांगडही आहे. ती अमेरिकेच्या शैक्षणिक वर्गीकरणाच्या क्रमांकांवर चालते: २७ म्हणजे गणित व संख्याशास्त्र, ४२ मानसशास्त्र, ५४ इतिहास, २६ जीवविज्ञानं. दोन अंकी क्रमांकाच्या पोटात चार आणि सहा अंकी उपशाखा असतात, २७.०५ म्हणजे संख्याशास्त्र. आपल्या विद्यापीठात हे क्रमांक नसले तरी बिघडत नाही. उपशाखांची नुसती नावं वाचल्यावरही कळतं की एका विषयाच्या शेजारी काय काय नांदतं. आकलनविज्ञान, जैवसंख्याशास्त्र अशा विषयांची नावं अनेकांना इथेच पहिल्यांदा भेटतात. व्यवसायांची वेतनं, परवाने आणि मागणी यांची माहिती मात्र अमेरिकेपुरती आहे, ती दुसऱ्या देशाला लावू नये.

यानंतर चाचणीचा संबंध संपतो आणि अभ्यासक्रमपत्रिकेचा सुरू होतो. हाती उरलेल्या दोन-तीन विषयांच्या पत्रिका पहिल्यापासून शेवटच्या सत्रापर्यंत छापून घ्या. पहिलं सत्र वाचून काही कळत नाही, ते सगळीकडे गोडच असतं. तिसरं-चौथं सत्र वाचा. मानसशास्त्रात संशोधनपद्धती आणि सांख्यिकी तिथे उभी असते, अर्थशास्त्रात अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स), संगणकशास्त्रात विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स), जीवशास्त्राच्या अनेक पत्रिकांमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्र. विषय बदलण्याचा विचार बहुधा याच टप्प्यावर डोक्यात येतो. मग पूर्वअटींची साखळी पेन्सिलने जोडा: कोणता पेपर कोणत्या पेपरआधी पूर्ण व्हायला हवा. कलनशास्त्राचे दोन भाग झाल्याशिवाय विकलक समीकरणं नाहीत, ती नाहीत तर पुढचं भौतिकशास्त्र नाही. साखळीतला एखादा पेपर वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि तो राहिला, तर अख्खं वर्ष पुढे जातं. म्हणून दोन विषयांत मन अडकलं असेल तर पहिल्या सत्रात ज्याची साखळी लांब आहे त्या विषयाचे पेपर घ्यावेत. लांब साखळीतून आखूड साखळीकडे वळणं सोपं, उलट दिशेने फार महाग पडतं. गणितातून इतिहासात दुसऱ्या वर्षी जाता येतं. इतिहासातून भौतिकशास्त्रात जायचं तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात.

इतर चाचण्यांबद्दल थोडक्यात. स्ट्राँग इंटरेस्ट इन्व्हेंटरीची सुरुवात १९२७ ची. तिच्यात शालेय व विद्यापीठीय विषयांच्या आवडीचे प्रश्नही असल्यामुळे वर सांगितलेली पोकळी बरीच भरते. पण ती सशुल्क आहे आणि अहवाल वाचायला प्रशिक्षित माणूस लागतो. तसा माणूस मिळत असेल तर जरूर घ्यावी. चार अक्षरांत सोळा प्रकार सांगणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज धाटणीच्या चाचण्या विषय निवडीला वापरू नयेत. त्या आवड मोजत नाहीत, आणि मधल्या रेषेजवळचा माणूस दोन प्रश्नांच्या फरकाने या खणातून त्या खणात जातो. अभिक्षमता चाचण्या, उदाहरणार्थ १९४७ पासून चालत आलेली डिफरेन्शिअल ॲप्टिट्यूड टेस्ट्स, क्षमता मोजतात. कल चाचणीच्या जोडीला त्या चांगल्या, तिच्या जागी नाहीत. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. त्यावर एक पैसाही घालवू नका.

वयाचा मुद्दा राहतो. आवडीनिवडी किती टिकतात यावरच्या अनेक अभ्यासांचं २००५ मध्ये एकत्र विश्लेषण झालं. साधारण १८ ते २२ या वयात त्या आधीपेक्षा बऱ्याच स्थिर होतात, असं त्यात दिसलं. म्हणून १५ व्या वर्षी दिलेल्या चाचणीचा कागद मुख्य विषय ठरवताना पुढे करू नये, चाचणी नव्याने द्यावी. आणि दोनदा द्यावी, मध्ये किमान दोन आठवडे ठेवून. पहिला निकाल पुरवणी विधानांसकट छापून पाकिटात घाला आणि पाकीट दुसऱ्याकडे द्या, म्हणजे आठवून तेच दाबलं जाणार नाही. दुसऱ्या खेपेनंतर दोन्ही कागद शेजारी ठेवा. आकडे जुळायची गरज नाही. वरचे तीन प्रकार क्रम बदलून का होईना तेच आहेत का, तिसऱ्या-चौथ्यातली दरी टिकली का, आणि रटाळ विधानांपैकी कुणाचा आकडा घसरला, एवढं बघा. घसरलेला आकडा ज्या विषयाचा असेल, त्याच्या तिसऱ्या सत्राच्या एखाद्या तासाला परवानगी काढून मागच्या बाकावर बसून या, आणि मग अर्ज भरा.